कापूस भरलेली जपानी चित्रं

दर डिसेंबरच्या १७, १८ आणि १९ तारखेला तोक्योच्या आसाकुसात, सेन्सो-जी देवळाच्या आवारात हागोइतांचा बाजार भरतो. हागोइता म्हणजे दांडा असलेली लाकडी फळी. नवीन वर्षात मुली या फळ्यांनी फूल उडवायचा खेळ खेळत आणि जी हरेल तिच्या तोंडाला शाई फासत. फूल कशाचं, तर रिठ्याच्या जातीच्याच एका झाडाच्या काळ्या, टणक बीला पिसं खोवलेलं. खेळ आता फारसा कोणी खेळत नाही, फळ्या मात्र विकल्या जातात. मुलीच्या पहिल्या नववर्षाला शुभ म्हणून त्या भेट देतात. मोठी फळी विकली गेली की दुकानदार आणि गिऱ्हाईक मिळून ठेक्यात टाळ्या वाजवतात. एवढ्या थंडीत ते ऐकायलाही मजा येते.

या फळ्यांवर काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातल्या नटांची जी उठावदार चित्रं असतात, ती ‘ओशिए’ पद्धतीची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, लोक आवडत्या नटाची फळी घ्यायला गर्दी करत. काम तसं किचकट. चित्राचे सुटे भाग करायचे: बाही, पट्टा, केस, हात. प्रत्येक भागाचा पुठ्ठा कापायचा, त्यावर कापसाचा थर द्यायचा, वर रेशीम ओढून कडा मागे दुमडायच्या आणि चिकटवायच्या. वळणावर कापडाला बारीक काप दिले नाहीत तर चुण्या पडल्याच म्हणून समजा. मग हे सगळे भाग मागच्या बाजूने एकमेकांना जोडायचे. चेहरा रंगवणारा कारागीर बहुतेक वेळा वेगळा असतो. तोक्योजवळचं, सायतामा प्रांतातलं कासुकाबे हे शहर आजही या फळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. नागानोतल्या मात्सुमोतो शहरात याच पद्धतीने बाहुल्या करत. त्या सपाट, पायाशी बांबूची काडी असलेल्या, काडी खोचून उभ्या करायच्या.

मला स्वतःला बाजारातल्या झगमगीत फळ्यांपेक्षा जुनी, घरी केलेली ओशिए जास्त आवडते. कारण सरळ आहे. कारागीर चित्राला शोभेल असं कापड आणतो, घरातली बाई मात्र फाटलेल्या किमोनोचे तुकडे वापरते. थोडक्यात, आपली गोधडीच, फक्त भिंतीवर लावायची. माझ्याकडे चेंडू खेळणाऱ्या मुलीचं एक चित्र आहे. तिचा किमोनो जांभळ्या चिरिमेनचा, म्हणजे चुरगळल्यासारख्या पोताच्या रेशमाचा, आणि पट्टा पुरुषी अंगरख्याच्या अस्तराचा. चौकट उलटली तर मागे वहीचं पान चिकटवलंय, त्यावर बेरजा आणि लाल शाईची एक बरोबरची खूण.

अशी चित्रं मिळतात ती जुन्या वस्तूंच्या बाजारांत. क्योतोच्या तो-जी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला आणि तिथल्याच कितानो तेन्मान्गू या देवस्थानात २५ तारखेला असा बाजार भरतो. सकाळी लवकर जावं. बरीचशी घरगुती चित्रं ‘शिकिशी’वर, साधारण २७ बाय २४ सेंटीमीटरच्या जाड पुठ्ठ्यावर असतात. काचेच्या पेटीतल्या जुन्या फळ्याही दिसतात आणि मला त्या आश्चर्य वाटावं इतक्या स्वस्त मिळाल्या आहेत. दुसऱ्याच्या लेकीची शुभवस्तू आपल्या घरात कशाला, असं इथे काहींना वाटतं. मला वाटत नाही.

घेताना आधी मागून बघा. हे मला तो-जीतल्या एका दुकानदार आजींनी सांगितलं आणि ते पटलं. पुढून सगळंच गोड दिसतं. मागचा कागद जुना आहे की कोणी नुकताच नवा डकवलाय, खळ तपकिरी होऊन सुटतेय का, कसरीने भोकं पाडलीत का, हे तिथेच कळतं. वास जरूर घ्या. बुरशीचा कुबट वास एकदा कापसात शिरला की निघत नाही. चेहऱ्याचा पांढरा रंग तडकला असेल तर हरकत नाही, पण पोपडे सुटत असतील तर ठेवून द्या. फिकटलेल्या रंगाचं मात्र मी मनावर घेत नाही. दुमडीच्या आत मूळ रंग तसाच असतो, नखाने हळूच कड उचलून बघता येतो. अर्थात विक्रेत्याला विचारून.

भारतात न्यायचं असेल तर चित्र आणि काच यांत थोडी जागा राहील अशी खोल चौकट करून घ्या, नाहीतर कापूस दबतो आणि चित्र बसकं होतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ओल मागून येते. आणि चित्र धुवायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. खळ पाण्यात विरघळते. मऊ ब्रशने धूळ झटकली की पुरे.