हॉट वायर कटर, नोंद तिसरी: व्होल्टेज सोडलं, करंट धरला

मंडळी, मॉडेल विमानांसाठी तापलेल्या तारेने फोम कापणारं यंत्र मी बनवतोय. मागच्या नोंदीत त्याचं एक मीटरचं धनुष्य, म्हणजे तार ताणून धरणारी चौकट, तयार झालं होतं आणि विंग कोअरची (पंखाच्या फोमच्या गाभ्याची) पहिली जोडी कापून झाली होती. ती जोडी मी ठेवली नाही. पृष्ठभागावर बोटाला लागतील अशा लाटा होत्या आणि डाव्या-उजव्या कोअरच्या वजनात 6 ग्रॅमचा फरक होता. 45 ग्रॅमच्या आसपास भरणाऱ्या कोअरला 6 ग्रॅम म्हणजे खूप झाले. टेम्प्लेट (तार जिच्या कडेवरून सरकते ती पंखाच्या आकाराची पट्टी) तीच, फोम तोच, हातही तोच. मग गेले तीन रविवार फक्त पॉवर सप्लायवर घातले.

आधी तारेचं बोलू, कारण सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. माझी तार नायक्रोमची (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू), 28 गेजची, म्हणजे आपल्याकडच्या एसडब्ल्यूजी या तारेच्या जाडीच्या मापाने 0.376 मिलिमीटर. परदेशी व्हिडिओंमध्ये जे गेज सांगतात ते अमेरिकन असतं. त्यांची 28 नंबरची तार 0.32 मिलिमीटरची, त्यामुळे त्यांचे आकडे उचलून आपल्या तारेला लावू नका. माझ्या तारेला मीटरमागे 9.8 ओहम यायला हवेत. मल्टिमीटरने 10.1 दाखवले. प्रोब एकमेकांना टेकवून पाहिले तर नुसत्या वायरींचेच 0.3 निघाले. ते वजा केले आणि हिशेब बरोबर जुळला. इतक्या कमी ओहमच्या मोजणीत ही वजाबाकी विसरली की पुढचं सगळं चुकतं.

मी सुरुवात लॅपटॉपच्या जुन्या अडॅप्टरवर केली होती. 19 व्होल्ट, 3.42 अँपिअर, आणि पुढे मोटरचा वेग कमी-जास्त करायला मिळतं ते पीडब्ल्यूएम कंट्रोलर. एक मीटरच्या धनुष्यावर अडॅप्टर कधी बंद पडला नाही. मग रिब (पंखातल्या आडव्या पट्ट्या) आणि फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) तुकडे कापायला 30 सेंटिमीटरचं छोटं धनुष्य केलं, तर अडॅप्टर चालूच राहीना. दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. नॉब अगदी तळाला होता, तारेला लागणारी शक्ती जेमतेम 8-9 वॉट, आणि 65 वॉटचा अडॅप्टर दम टाकत होता. मी दोन दिवस अडॅप्टर खराब झाला असंच धरून चाललो.

अडॅप्टर ठणठणीत होता. पीडब्ल्यूएम व्होल्टेज कमी करत नाही, ते फक्त चालू-बंद करतं. चालू असतानाच्या त्या क्षणी तारेवर पूर्ण 19 व्होल्टच असतात. 30 सेंटिमीटर तारेचे 2.94 ओहम, म्हणजे त्या क्षणाचा करंट साडेसहा अँपिअर. सरासरी कितीही कमी असू दे, अडॅप्टरचं संरक्षण तो झटका बघतं आणि बंद पडतं. एक मीटरच्या तारेत हाच झटका 1.94 अँपिअरचा होता, म्हणून तिथे काही जाणवलं नाही. पीडब्ल्यूएम वापरणाऱ्यांनी सप्लाय निवडताना व्होल्टेज भागिले ओहम एवढा पूर्ण करंट धरावा, नॉब कुठेही असला तरी.

यातूनच खरा मुद्दा लक्षात आला. तार किती तापणार हे व्होल्टेजवर ठरत नाही, तिच्यातून वाहणाऱ्या करंटवर ठरतं. 12 व्होल्ट एक मीटर तारेला लावले तर 1.2 अँपिअर जातात आणि फोम कापला न जाता नुसता चुरगळतो. तेच 12 व्होल्ट 30 सेंटिमीटरला लावले तर चार अँपिअर, तार लालबुंद होते आणि तुटते. लांबी निम्मी केली की दर सेंटिमीटरची उष्णता चौपट. पण करंट 1.7 अँपिअरला बांधून ठेवला, तर 30 सेंटिमीटर घ्या की मीटरभर, तार तितकीच तापते. बदलतं ते फक्त लागणारं व्होल्टेज: छोट्या धनुष्याला 5, मोठ्याला पावणेसतरा.

लहानपणी आमच्या आळीत गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल कापणारे काका टॅपिंगचा ट्रान्सफॉर्मर वापरायचे. 6, 9, 12 असा नॉब, बस्स. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि ते काम थांबलं. त्यांचं काम इतकं नेटकं कसं व्हायचं ते मला आत्ता कळलं. त्यांचं धनुष्य वर्षानुवर्षं एकच होतं. लांबी बदलत नसेल तर व्होल्टेजचा नॉब हाच करंटचा नॉब असतो. आपण मात्र दर मॉडेलला धनुष्य बदलतो.

तर आता मांडणी अशी आहे. 24 व्होल्ट 5 अँपिअरचा एसएमपीएस (मेनवरून डीसी देणारा सप्लाय), आणि पुढे करंट आणि व्होल्टेज दोन्हीची मर्यादा लावता येणारं बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज खाली उतरवणारं मॉड्यूल. पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळालं. दोन काळे हीट सिंक, दोन निळे चौकोनी प्रीसेट (स्क्रूने फिरवायचे छोटे नॉब). घेताना करंटचा वेगळा प्रीसेट आहे ना हे बघून घ्या, कारण तसंच दिसणारं एक नुसतं व्होल्टेजवालं मॉड्यूलही मिळतं. बकचा दुसरा फायदा असा की छोट्या धनुष्यावर 5 व्होल्ट 1.7 अँपिअर देताना एसएमपीएसकडून ते अर्ध्या अँपिअरहूनही कमी ओढतं. झटके नाहीत.

सेटिंग करताना आधी तार न जोडता व्होल्टेजची मर्यादा लावली, मोठ्या धनुष्यासाठी 19. मग मल्टिमीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घालून आउटपुट त्याच्यातूनच शॉर्ट केलं आणि करंटचा प्रीसेट फिरवत 1.70 वर आणला. तार जोडली. गरम झाल्यावरही आकडा 1.70 वरच. नायक्रोमचा रोध या तापमानाला तीन-चार टक्क्यांहून जास्त वाढत नाही, आणि जो वाढतो तो कन्व्हर्टर आपोआप सांभाळतं. पायाचा स्विच मी 24 व्होल्टच्या बाजूला घेतलाय, म्हणजे पाय उचलला की आउटपुटवर काही साठून राहत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पंख्याचा रेग्युलेटर किंवा लाइटचा डिमर थेट तारेला लावण्याचे सल्ले फिरत असतात. करू नका. तार कितीही कोमट वाटली तरी ती 230 व्होल्टच्या मेनशी जोडलेली असते आणि आपण ती उघड्या हाताने धरून काम करतो. डिमरस्टॅटही (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) एकटा चालणार नाही, तोही मेनपासून वेगळा नसतो. मध्ये आयसोलेशन देणारा (मेनपासून तोडून वेगळा ठेवणारा) ट्रान्सफॉर्मर किंवा एसएमपीएस हवाच.

आता कापणीचं. घनमीटरला 15 किलो घनतेच्या ईपीएसला (थर्माकोलला) 1.7 अँपिअर, इन्सुलेशनच्या निळ्या एक्सपीएसला 1.9. तार बाहेर आली की मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक केस दिसले तर उष्णता बरोबर. कडेला चकचकीत वितळलेली साय दिसली तर जास्त. मधली तार मागे राहून पोट काढू लागली तर तुम्ही घाई करताय. 22 सेंटिमीटरच्या कॉर्डला (पंखाच्या पुढून मागेपर्यंतच्या रुंदीला) मी साधारण 90 सेकंद घेतले. तापल्यावर मीटरमागे तार साडेतीन मिलिमीटर लांबते, म्हणून धनुष्याच्या एका टोकाला स्प्रिंग आहे. टेम्प्लेट सनमायकाची, ती उष्णता ओढून घेत नाही. नायक्रोमला साधं सोल्डर धरत नाही, दोन्ही टोकं स्ट्रिप कनेक्टरच्या पितळी स्क्रूखाली दाबली आहेत. काम गच्चीत, वाऱ्याकडे पाठ करून. सनबोर्ड या तारेवर कधीही घेऊ नका, तो पीव्हीसी असतो आणि त्याचा धूर घातक.

काल दोन्ही कोअर कापले. पृष्ठभागावरून तळवा फिरवला, लाट लागली नाही. डावा 44 ग्रॅम, उजवा 45. पुढच्या रविवारी टेपर विंग, म्हणजे टोकाकडे (टिपकडे) निमुळता होणारा पंख, घेतोय. तिथे टिपच्या बाजूला तार हळू सरकते आणि जास्त फोम खाते, म्हणून टिपची टेम्प्लेट किती मोठी ठेवायची ते आधी भंगार तुकड्यांवर कापून बघणार आहे. दोन्ही टोकांना किती फोम गेला ते व्हर्निअरने मोजून आकडे इथे टाकतो.