माँट्रियालला फ्रेंचमधून एलएलएम : जाणाऱ्यांसाठी थोडं

पणजीत एलएलबी करून मी माँट्रियाल विद्यापीठात गेले, तेव्हा सगळी धास्ती फ्रेंचची होती. भाषा दिवाळीपर्यंत कानात बसली. कायद्याचा विचार करायची सवय बदलायला मात्र मार्च उजाडला.

कॅनडात बाकीकडे कॉमन लॉ, म्हणजे निवाड्यांवर उभा कायदा, पण माँट्रियाल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकमध्ये खाजगी व्यवहारांना नागरी संहिता, म्हणजे कलमवार लिहिलेला कायदा लागू. सध्याची संहिता 1994 पासूनची, 10 भाग, 3168 कलमं. दुसऱ्याच आठवड्यात करारावरच्या एका प्रश्नाचं उत्तर मी निवाड्यापासून सुरू केलं, जसं आपण मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खटल्यात करतो. सरांनी शांतपणे विचारलं, "केल आर्तिक्ल?" कलम कुठलं? ते होतं 1375 : बंधन निर्माण होताना, पाळताना आणि संपताना दोन्ही पक्षांनी सचोटीनं वागायचं. निवाडे तिथेही लागतात, पण कलमाचा अर्थ लावायला. तेव्हापासून मी समासात आधी कलमाचा आकडा लिहायची.

शब्दही फसवतात. 'ज्युरिसप्रुदाँस' म्हणजे तिथे न्यायालयांचे निवाडे, आपलं विधिशास्त्र नव्हे. 'दोक्त्रीन' म्हणजे अभ्यासकांचं लेखन. 'नोतेर' हा शिक्के मारणारा नोटरी नाही, तो स्वतंत्र कायदेतज्ज्ञ. गहाणखतं त्याच्याकडे होतात.

गोव्यातल्या मुलांनी तर जरूर जावं. आपल्या गोव्यातला वारसा आणि विवाहाचा कायदा 1867 च्या पोर्तुगीज संहितेतून आला, त्यामुळे बरीच चौकट ओळखीची वाटते. फरक आणखी मोलाचा : आपल्याकडे मृत्युपत्रानं साधारण निम्मी मालमत्ताच हवी त्याला देता येते, निम्मी मुलाबाळांसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखीव. क्वेबेकमध्ये असा राखीव हिस्सा नाही. माझा प्रबंध यातूनच सुचला.

आता कामाचं. सहा महिन्यांहून जास्त शिकणार असाल, तर आधी क्वेबेकचं स्वीकृतिपत्र, म्हणजे सीएक्यू, आणि मग कॅनडाचा स्टडी परमिट. ऑफर लेटर आलं की त्याच आठवड्यात अर्ज टाका. संहिता लेजिसक्वेबेक या संकेतस्थळावर फुकट आहे, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हीत. विमानात बसण्याआधी बंधनांचा भाग, म्हणजे पाचवा, दोन्ही भाषांत समोरासमोर ठेवून वाचा. सगळ्या तयारीत याचा उपयोग सर्वाधिक झाला. निवाडे कॅनली (CanLII) या संकेतस्थळावर, तेही फुकट.

विधी शाखा डोंगराच्या उतारावर माक्सिमिलियँ-कारों इमारतीत. मेट्रोच्या निळ्या लाइननं जायचं, पुढे चढ आहे. हिवाळ्याचे बूट तिथेच घ्या, इथून नेलेले बर्फावर सटकतात.

तीन तासांचं लेक्चर टिपून घेणं सुरुवातीला जड जातं. शेजारच्या मुलीकडे वही मागा, ती देईल. मला सप्टेंबरभर एकीनं दिली. आणि तिनं 'दिने'ला, म्हणजे जेवायला, भेटू म्हटलं, तर दुपारी जा. क्वेबेकमध्ये रात्रीच्या जेवणाला 'सूपे' म्हणतात.