ताग गाडायची वेळ

आमच्या आत्तींना (म्हणजे माझ्या सासूबाईंना) ताग म्हटलं की दोर आठवतो. मला आठवतं ते खत. झाड एकच, पण त्यांचा ताग आणि माझा ताग यांत दीड-दोन महिन्यांचं अंतर आहे, आणि ते कळायला मला एक अख्खा ऊस पिवळा पडलेला बघावा लागला.

आमचं रान वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. काळी, जड जमीन. ऊस, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेलं पुढचं पीक), परत ऊस, असं वर्षानुवर्षं चाललेलं. नांगरलं की ढेकळं दगडासारखी निघायची आणि गांडूळ शोधून सापडायचं नाही. म्हणून सहा वर्षांपूर्वी आडसालीच्या (पावसाळ्यात लावायच्या उसाच्या) आधी ताग पेरून, हिरवा असतानाच खत म्हणून जमिनीत गाडायला लागलो. थंड मुलखात शेतकरी याच कामाला हिवाळ्याच्या तोंडावर व्हेच नावाचं वेलीसारखं शेंगांचं पीक पेरतात. आपल्याकडं उन्हाळा-पावसाळ्याच्या सांध्यावर हे काम ताग करतो.

एकरी 20 ते 25 किलो बी लागतं. आम्ही फोकून टाकतो आणि वरून कुळव फिरवतो. दाट झाला तरच बरा. दाटीत काड्या बारीक, कोवळ्या राहतात आणि महिन्याभरात खाली ऊन पोचेनासं होतं, मग तण आपोआप दबतं. खुरपणीचा एक रुपया लागत नाही. रानाचा खालचा कोपरा पाणथळ आहे, तिथं मात्र धैंचा (असंच गाडायचं दुसरं पीक) टाकते. तागाला पाण्यात पाय बुडवून उभं राहणं सोसत नाही.

महिना झाला की मी खुरप्यानं एक रोप मुळासकट काढते. ओढायचं नाही, ओढलं की गाठी तुटून मातीतच राहतात. बादलीत हलक्या हातानं धुतलं की मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसतात. एक गाठ नखानं फोडायची. आतून गुलाबी निघाली तर जिवाणू कामाला लागलेत, हवेतला नत्र मुळांत येतोय. पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम चालू नाही. पहिल्यांदा तो गुलाबी रंग बोटावर बघितला, तेव्हा मी सगळ्यांना हाका मारून रानात बोलावलं होतं.

आता खरी गोष्ट. ताग 45 ते 50 दिवसांचा झाला, खांद्याला लागला, पिवळी फुलं नुकती दिसायला लागली की गाडायचा. त्याच वेळी तो सगळ्यात देखणा दिसतो आणि हात उचलत नाही. पण तेव्हाच काडी कोवळी असते आणि नत्र भरपूर असतो. पुढं काडीत वाख, म्हणजे दोर वळायचा चिवट धागा, धरायला लागतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही वळवाच्या भरवशावर जूनमध्ये पेरला. गाडायच्या वेळेला पावसानं उघडीप दिली नाही. वाफसा (नांगरता येईल इतपतच ओल) येईना, ट्रॅक्टर रानात उतरेना. ताग सत्तर दिवसांच्या पुढं गेला, माझ्या डोक्यावर गेला. शेवटी ट्रॅक्टरचा रोटर घातला तर सालीचे पट्टे त्याच्या दांड्याला दोरासारखे गुंडाळले. कोयत्यानं तोडत बसलो. लागणीची तारीख निघून चालली होती म्हणून घाईनं ऊस लावला आणि तो पिवळा पडला. निबर, अर्धवट कुजलेल्या काड्या कुजवायला जिवाणूंनी मातीतलाच नत्र ओढून घेतला, उसाला काही उरलं नाही. जमिनीला खाऊ घालायला गेलो आणि तिच्याच ताटातलं काढून घेतलं, याचं मला फार वाईट वाटलं. वरून युरिया द्यावा लागला तो वेगळाच.

तेव्हापासून पावसाची वाट बघत नाही. 20 मेच्या आसपास विहिरीचं पाणी देऊन पेरतो, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात गाडायला येतो. आधी फळी फिरवून ताग आडवा पाडायचा, मग ज्या दिशेनं फळी गेली त्याच दिशेनं पलटी नांगर. उलटं गेलं की काड्या फाळात अडकतात. ओल असेल तर दोन-तीन आठवड्यांत माती उकरली की काड्यांचा नुसता काळा लगदा हाताला लागतो. मग सऱ्या सोडायच्या. आडसालीची लागण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तेवढ्यात सगळं बसतं. तागाचं हे बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीत राहिलेला गुण) उसाला मानवलंय. नांगरामागं बगळे उतरतात आता, म्हणजे मातीत त्यांच्यासाठी काहीतरी आहे.

यंदा आत्तींनी बांधालगतची तागाची दोन तासं (ओळी) ठेवायला लावली. "सगळा गाडू नगं, बी घरचं हुईल आन् दाव्यापुरता वाख निघंल," म्हणाल्या. त्यांच्या तरुणपणी तागाच्या पेंढ्या ओढ्यात दगडाखाली भिजत घालायचे, साल सोलायचे, आणि पावसाळ्यात सोप्यात बसून कासरे, चऱ्हाटं वळायचे. ज्या वाखानं माझा ऊस पिवळा पाडला, तोच त्यांना हवा आहे.

त्या दोन तासांकडं गुरं फिरकू देत नाही, तागाचं बी जनावराला बाधतं. शेंगा आता वाळत आल्यात. आत्ती रोज संध्याकाळी काठी टेकत बांधावर जातात, एक झाड कानाजवळ घेऊन हलवतात. पिकलेल्या शेंगेत बी खुळखुळतं. काल हलवून बघितलं आणि म्हणाल्या, "अजून आठ दिस."

मी पेंढ्या भिजवायला पाण्याचा जुना हौद घासून ठेवलाय.