चेनलॉकचं तोंड

"चेन तुटली नाही हो दादा, लॉक उलटं होतं."

घोटीच्या अलीकडे टपरीपाशी बाईकखाली वाकलेल्या मेस्त्रींचं हे वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाहीये. गाडी निघाली होती लेहला. नाशिक सोडून जेमतेम तीस किलोमीटर!

लॉक म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी. तिच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं, म्हणजे वरच्या पट्ट्यात पुढे. उघडं तोंड पुढे राहिलं की कशाला तरी अडून क्लिप निसटते.

बसवताना इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला. चेनची दोन्ही टोकं मागच्या चक्राच्या दातांवर आणायची, दातच ती धरून ठेवतात. मग जोडकडी, पट्टी, आणि पकडीने क्लिप. सुटं लॉक चेनच्याच मापाचं हवं. 428 च्या चेनला 520 चं बसत नाही.

आणि चेन फार ताणू नका. सामान लादून मागचा शॉकअप दबला की ती आणखी ताणते, सगळा भार बेअरिंगवर आणि त्याच लॉकवर. ढिलाई किती ठेवायची ते बऱ्याच गाड्यांत स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, स्टिकरवर असतं (वाचतं कोण!).

त्या गाडीला दोन फॉगलाइट, मोबाइल होल्डर, जेरीकॅन होता. सुटं लॉक नव्हतं.

तुमच्या टूलकिटमध्ये आहे?