उत्तरेच्या भिंतीचं ऊन: भूमिज मंदिरांच्या फोटोंची या हंगामाची नोंद

गेल्या हंगामापर्यंत माझी यादी गावांची होती. अंबरनाथ, सिन्नर, खिद्रापूर, झोडगे. या हंगामात ती भिंतींची केली. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराची उत्तर बाजू, अंबरनाथचा पश्चिमेचा दर्शनी भाग, खिद्रापूरच्या स्वर्गमंडपाचं वरचं उघडं वर्तुळ, असं एकेक लिहून त्यापुढे महिना आणि वेळ टाकली. फोटोंमध्ये फरक पडला तो या एकाच बदलाने. कॅमेरा तोच आहे, लेन्सही त्याच आहेत. त्यामुळे ही नोंद बरीचशी उन्हाबद्दल आहे.

सुरुवात दगडापासून करते, कारण सगळी अडचण तिथेच आहे. मध्य प्रदेशातल्या उदयपूरचं उदयेश्वर मंदिर परमार राजा उदयादित्याचं. भूमिज शैलीचा, म्हणजे छोट्या शिखरांच्या रांगांनी रचलेल्या शिखराचा, इतका देखणा नमुना दुसरा नाही असं माझं मत आहे. पण ते वालुकाश्मात आहे, आणि वालुकाश्म मंद प्रकाशातही आकार दाखवतो. आपली मंदिरं बेसाल्टची. या काळ्या दगडावर समोरून ऊन पडलं की कोरीव काम सपाट होऊन जातं. गजथर (हत्तींची पट्टी), नरथर (माणसांची पट्टी), कीर्तिमुखांची (सिंहमुखांची) रांग यांतला उठाव दिसेनासा होतो. शिवाय कॅमेऱ्याचा मीटर समोरचा दगड मध्यम करडा असल्याचं गृहीत धरतो आणि काळ्या भिंतीला राखाडी करून ठेवतो. मी रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) आकाश जळणार नाही इतपत जास्तीत जास्त प्रकाश घेते आणि काळेपणा नंतर घरी उतरवते. उलटं केलं, म्हणजे अंधारात घेऊन नंतर उजळवलं, तर सावल्यांत रवा (दाणेदारपणा) येतो आणि बारीक नक्षी त्यात हरवते.

उठाव दिसायला ऊन भिंतीला घासून जायला हवं. हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे. पण कुठली भिंत, कुठल्या महिन्यात, किती वाजता, हे कागदावर मांडल्यावर मला उत्तरेच्या भिंतीचं कोडं सुटलं.

पूर्वाभिमुख मंदिर डोळ्यासमोर आणा. सिन्नरचं गोंदेश्वर तसंच आहे: पंचायतन, मधोमध मोठं शिवमंदिर, चार कोपऱ्यांत चार छोटी मंदिरं, समोर नंदीमंडप. दक्षिणेच्या भिंतीला हिवाळाभर ऊन मिळतं. पूर्व आणि पश्चिम बाजूंना सकाळ-संध्याकाळ वाटून मिळते. उत्तरेची भिंत मात्र सप्टेंबरच्या २३ तारखेच्या आसपास सावलीत जाते ती मार्चच्या २१ पर्यंत बाहेर येत नाही. आणि आपण सगळे बाहेर पडतो ते नेमके याच सहा महिन्यांत, कारण हवा छान असते, आकाश निळं असतं. कुणाचेही गोंदेश्वराचे फोटो काढून बघा, उत्तर बाजू एक तर नसते किंवा निळसर सावलीत असते.

मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवू लागतो आणि सकाळी काही वेळ या भिंतीवर तिरपा येतो. सिन्नरचं अक्षांश २० अंशांना जरासंच कमी. सूर्याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश) त्यापुढे गेली की तो दुपारीसुद्धा डोक्याच्या उत्तरेला राहतो. साधारण २० मे ते जुलैचा तिसरा-चौथा आठवडा हा तो काळ. या दिवसांत उत्तर भिंतीला उगवतीपासून मावळतीपर्यंत ऊन असतं, आणि तेही घासून जाणारं. जूनच्या मध्यावर सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो. जसा वर चढतो तसा हा कोन कमी होत जातो. म्हणजे पहाटे मध्यम तिरपं आणि नंतर अधिकाधिक तिरपं. दुपारी तर ऊन जवळजवळ सरळ खाली उतरतं आणि आडव्या थरांच्या प्रत्येक कंगोऱ्याखाली सावलीची रेघ ओढली जाते. अधिष्ठानाच्या (पायथ्याच्या) थरांसाठी मी आजवर टाळलेली ही दुपार आता मुद्दाम राखून ठेवली आहे.

पाऊस लागला की हे गणित संपतं. त्यामुळे हाताशी उरतात मेचे शेवटचे दिवस आणि जूनची सुरुवात. दगड तापलेला असतो, अनवाणी पायांनी जगतीवर (मंदिराच्या ओट्यावर) उभं राहणं सोपं नसतं, आणि तरीही मी म्हणेन, जा. दुसरी छोटी संधी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा उगवतीचा कोन जेमतेम ७-८ अंशांचा असतो आणि दीडेक तासात सूर्य दक्षिणेकडे सरकतो, पण पावसाने धुतलेली हवा आणि उथळ नक्षीवरचं ते ऊन यांना तोड नाही.

आता यातला बारकावा. जितकं ऊन तिरपं तितकं चांगलं, असं नाही. उथळ पट्टिकांना ७ ते १५ अंश छान. जंघेवरच्या (भिंतीच्या मधल्या भागावरच्या) पूर्ण उठावाच्या मूर्तींना तेवढ्या तिरप्या उन्हात अर्धा चेहरा काळा पडतो. त्यांना ३० अंशांच्या पुढे जावं लागतं. आणि देवकोष्ठातल्या (भिंतीतल्या कोनाड्यातल्या) मूर्तीपर्यंत तर तिरपं ऊन पोचतच नाही, कोष्ठाची चौकट सावली टाकून तिला झाकते. देवकोष्ठांसाठी ढगाळ दिवसच हवा, किंवा समोरच्या उन्हातल्या फरशीवरून परतणारा उजेड. म्हणून आता एकाच भिंतीच्या पुढे माझ्या वहीत तीन वेगळ्या वेळा असतात: थर, जंघा, कोष्ठ.

अंबरनाथला हे सगळं थोडं निराळं वागतं. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० आहे, आणि शिलाहार राजा मामवाणीचं नाव. या मंदिराला सर्रास हेमाडपंती म्हटलं जातं, पण हेमाद्री पंडित त्यानंतर दोनशे वर्षांनी, यादव महादेव आणि रामचंद्र यांच्या काळात होऊन गेला. मंदिराचं तोंड पश्चिमेला, म्हणजे दर्शनी बाजूचं ऊन दुपारनंतर. भिंती सरळ नाहीत, कोनाकोनांनी मागे सरत जातात. त्यामुळे सूर्य कुठेही असो, कुठला ना कुठला पैलू तिरप्या उन्हात असतोच, आणि शेजारचा पैलू गडद सावलीत. संपूर्ण बाजूच्या फोटोला हा फरक फार होतो. मला तिथे सर्वांत समाधान देणारे फोटो मिळाले ते पातळ ढगांतून आलेल्या उन्हात, जेव्हा सावलीला कड असते पण सावलीतही दगड वाचता येतो.

ओल्या दगडाचं थोडक्यात सांगते. भिजलेला बेसाल्ट आणखी काळा होतो आणि आकाशाचं प्रतिबिंब त्यावर चकाकतं. पोलरायझर फिरवून ती चकाकी उतरवली की दगडाचा खरा रंग वर येतो, शेवाळाचा हिरवाही. पण पूर्ण उतरवू नका. थोडी चकाकी राहिली तरच पृष्ठभाग ओला वाटतो.

पुढचा विषय उभ्या रेषांचा. शिखर मावावं म्हणून कॅमेरा वर केला की मंदिर मागे झुकलेलं दिसतं, आणि मग सॉफ्टवेअरमध्ये रेषा ताणून उभ्या करायच्या. साध्या इमारतीला हे चालतं. भूमिज शिखराला मोठं नुकसान होतं. या शिखराचं सगळं सौंदर्य प्रमाणात आहे: चार बाजूंना मधून वर जाणाऱ्या लता (उभ्या पट्ट्या), आणि दोन लतांच्या मध्ये छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा. या रांगा उभ्याही जुळतात, आडव्याही जुळतात आणि भूमीगणिक (मजल्यागणिक) लहान होत जातात. उंची-रुंदीचं प्रमाण न सांभाळता फोटो ताणला की वरच्या रांगा फुगतात आणि लहान होत जाण्याची ती लय मोडते. आमलकाखालचा (शिखराच्या माथ्यावरच्या चकतीखालचा) भाग जड वाटू लागतो.

म्हणून कॅमेरा पूर्ण समतल ठेवूनच फोटो घ्यायचा, हा आता नियम. शिफ्ट लेन्स असेल तर काम सोपं: कॅमेरा हलवायचा नाही, फक्त लेन्स वर सरकवायची. नसेल तर रुंद लेन्सने उभी चौकट घ्यायची, क्षितिज मधोमध ठेवायचं आणि खालची जमीन नंतर कापून टाकायची. जवळजवळ अर्धा फोटो वाया जातो, पण शिखराचं प्रमाण शाबूत राहतं. जागा असेल तिथे याहून चांगला उपाय म्हणजे मागे जाणं. गोंदेश्वराला प्रशस्त आवार आहे. तटाच्या कडेशी जाऊन ७० मिलिमीटरच्या आसपास घेतलेल्या फोटोत शिखर आणि मंडपाचं छप्पर यांचं नातं जसं आहे तसं येतं. समतल तपासायला कॅमेऱ्यातली पातळी वापरते. खांब किंवा भिंतीची कड प्रमाण धरत नाही, कारण आठ-नऊशे वर्षं उभ्या असलेल्या भिंतीत कुठेतरी कल असतोच, आणि तो कलही नोंदवण्यासारखा असतो.

आतल्या छतांच्या, म्हणजे वितानांच्या फोटोंत या वर्षी बरीच मजल मारली. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याला अडचण नसते, ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. वितानाला ट्रायपॉडची गरजच नाही. कॅमेरा पाठीवर, जमिनीवर ठेवायचा, खाली घडी केलेलं फडकं, स्क्रीनवर चौकटीच्या रेषा चालू, आणि टायमर. वितानाच्या मधल्या कमळाखाली नेमकं आलं की एकात एक वर्तुळं समकेंद्री दिसतात. बोटभर सरकलं तरी त्यांचे मध्य एकमेकांवरून ढळू लागतात, म्हणून इथे घाई करत नाही. एफ ८, सर्वांत कमी आयएसओ, शटर जितका वेळ लागेल तितका. भाविकांची वर्दळ असेल तर थांबायचं. त्यांची जागा आहे ती, आणि गर्भगृहात मी कॅमेरा काढत नाही.

खांबांचे फोटो हातानेच घ्यावे लागतात. तिथे एकाच चौकटीचे १६ फोटो लागोपाठ घेऊन सॉफ्टवेअरमध्ये त्यांची सरासरी काढते. रवा चौपटीने कमी होतो, कारण तो फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. खांबाला खांदा टेकवायचा मोह होतो, पण कोरीव कामाला अंग लावायचं नाही. बसून गुडघ्यावर कोपर टेकवलं तरी पुरतं.

खिद्रापूरचा स्वर्गमंडप या हंगामातला सर्वांत कठीण आणि सर्वांत आनंदाचा भाग. कोपेश्वराच्या या मंडपाला छताऐवजी मधोमध गोल उघडं आकाश, भोवती १२ खांबांचं कडं, आणि खाली बरोबर त्याच मापाची गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेला तिथे चंद्र माथ्यावर येतो म्हणून गर्दी होते. त्याचं कारण उन्हाच्या गणितातच आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. नोव्हेंबरात सूर्य जितका दक्षिणेला, तितका तो साधारण उत्तरेला, आणि खिद्रापूरचं अक्षांशही पावणेसतरा अंशांच्या आसपास आहे, म्हणून तो जवळजवळ माथ्यावर येतो. मात्र चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे दर वर्षी तो अगदी मध्यावर येईलच असं नाही. जायच्या आधी त्या वर्षाची चंद्राची क्रांती पाहून घ्या.

मला मोह आहे तो सूर्याचा. तोही त्याच गोलातून सरळ खाली उतरतो, वर्षातून दोनदा. ऑगस्टची वेळ ढगांत जाते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, उन्हाची तबकडी शिळेवर बसते. तेव्हा शिळेवरून परतलेला उजेड वरच्या कड्याच्या खालच्या अंगावर जातो आणि एरवी काळवंडलेल्या अष्टदिक्पालांच्या मूर्ती खालून उजळतात. मंडपाच्या उजेडाची सगळी रचना त्या थोड्या मिनिटांत उलटी होते. आकाश आणि खांब यांतला फरक एका फोटोत मावत नाही; दोन स्टॉपच्या अंतराने (प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट) पाच फोटो घेऊन जोडते, पण जोडताना आकाश पांढुरकंच राहू देते. ते निळं केलं की मंडपाची खोली जाते.

आणखी एक काम सुरू केलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पश्चिम भारतातल्या मंदिरांचं सर्वेक्षण करताना हेन्री कझेन्स यांनी फोटो आणि मोजमापांची रेखाटनं करून ठेवली. त्यांतल्या फोटोंच्या सावल्यांवरून महिना आणि वेळ बरीच जवळ लावता येते. त्याच जागी, त्याच वेळी उभं राहून पुन्हा फोटो घेतला तर कुठला दगड सरकला, कुठला नव्याने बसवला, हे सावलीच्या गोंधळाशिवाय कळतं. सध्या गोंदेश्वरापासून सुरुवात आहे.

पुढचा टप्पा झोडग्याचं माणकेश्वर, शक्यतो सप्टेंबरच्या सुरुवातीला. त्याआधी एक माहिती हवी आहे. कुणी तिथे होकायंत्राने मंदिराचा अक्ष मोजला असेल तर नेमका आकडा कळवा, चुंबकीय उत्तर धरली की खरी तेही सांगा. जूनमध्ये दोन-तीन अंशांनी बिघडत नाही. सप्टेंबरात हाताशी असतात तेच सात-आठ अंश, तेव्हा तेवढ्याने भिंतीवरचा अर्धा तास कमी-जास्त होतो.