कनू लेक ते टॉम थॉमसन लेक: थोडी वल्ह्याची, थोडी खांद्याची वाट

टोरोंटोहून उत्तरेला निघालं की तीन-साडेतीन तासांत हायवे 60 अल्गोंक्विन पार्कात शिरतो. 1893 साली राखून ठेवलेलं हे जंगल साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, आणि हा गाडीरस्ता त्याच्या दक्षिण भागातून जेमतेम 56 किलोमीटर जातो. आतल्या प्रदेशात जायचं तर पायी, नाहीतर कनूने, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लांबट, हलक्या होडीने. टोरोंटो-मिसिसागातली सह्याद्री तुडवून आलेली मंडळी पहिल्या वेळी कोणता मार्ग धरू असं विचारतात, तेव्हा आम्ही कनू लेकवरून टॉम थॉमसन लेकला जा असं सांगतो. जाताना एकच पोर्टेज लागतं, तेही छोटं. दोन तळ्यांमधल्या जमिनीच्या पट्ट्यावरून कनू आणि सामान खांद्यावर वाहून न्यायचं, त्याला पोर्टेज म्हणतात. नकाशावर किलोमीटर मोजून बेत आखणारे इथे फसतात. दिवस किती लांबणार हे पोर्टेज आणि वारा ठरवतात.

आधी परवान्याचं. आतल्या मुक्कामाचं आरक्षण पाच महिने आधी सुरू होतं, आणि जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी ही लोकप्रिय तळी पटकन भरतात. आरक्षण तळ्याचं मिळतं, जागेचं नाही. त्या तळ्यावरच्या नारिंगी पाटीच्या मुक्कामाच्या जागांपैकी जी रिकामी असेल ती आपली. म्हणून दुपारी दोनपर्यंत पोचेल अशा हिशेबाने निघावं. उशिरा पोचलेल्याला सगळं तळं पालथं घालून दलदलीच्या काठची जागा मिळते. एका जागेवर जास्तीत जास्त नऊ माणसं. आतल्या भागात डबाबंद आणि बाटलीबंद खाणंपिणं न्यायला बंदी आहे. लोणच्याची काचेची बरणी घरीच ठेवा आणि लोणचं पुन्हा वापरता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत भरून न्या. स्टोव्हच्या गॅसच्या डब्याला ही बंदी लागू नाही.

कनू भाड्याने घेताना पैसे वाचवू नका. केव्हलार नावाच्या हलक्या, चिवट धाग्याची सोळा-सतरा फुटांची कनू साधारण 18 ते 20 किलो भरते, ॲल्युमिनियमची तीसच्या पुढे जाते. पाण्यावर हा फरक जाणवत नाही, खांद्यावर पहिल्या शंभर मीटरमध्ये जाणवतो. पण केव्हलारला खडक सोसत नाही. वल्हवत येऊन ती काठावर ठोकू नये. घोटाभर पाणी असतानाच खाली उतरावं आणि भरलेली कनू कधीही ओढू नये. वल्हं उभं धरलं तर हनुवटी ते नाक एवढ्या उंचीचं असावं. एक वल्हं जादा घ्या. प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट, शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि 15 मीटरची तरंगणारी दोरी एवढं कनूत हवंच. भाड्याने देणारे बहुधा हा संच सोबत देतात, तरी उघडून बघावा. लाइफ जॅकेट अंगात असावं, पायाशी नव्हे. बर्फ साधारण एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला वितळतो आणि मे महिनाभर पाणी जीवघेणं गार असतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास आवरण्यात जातं, पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि तासाभरात शुद्ध हरपू शकते. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही. उलटलात तर कनू सोडू नका, ती तरंगते.

वारा इथे बहुतेक पश्चिमेचा असतो आणि दुपारी चढतो. कनू लेक उत्तर-दक्षिण लांब आहे, त्यामुळे वारा आडवा लागतो. सकाळी आठच्या आत पाण्यावर असलेलं बरं, आणि चालायचं ते पश्चिम काठाच्या आडोशाने. सामान भरताना समोरून वारा असेल तर वजन किंचित पुढे ठेवावं, पाठीमागून असेल तर मागे. कारण सोपं आहे: हलकं टोक पाण्यातून वर उचललेलं राहतं आणि वारा तेच ढकलतो. जड टोक वाऱ्याकडे असलं की कनू आपोआप सरळ राहते. लाटा उठल्या की बाकावरून उतरून गुडघ्यांवर बसावं आणि लाटेला थोडं तिरकं जावं. आडवं कधीही नाही.

मागे बसणाऱ्याला जे-स्ट्रोक यायला हवा. वल्हं मागे येत असताना वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा, म्हणजे पात्याच्या ज्या बाजूने पाणी मागे ढकललं तीच बाजू ते थोडं बाहेर ढकलते आणि कनूचं तोंड पुन्हा सरळ होतं. हे न जमणारी जोडी दर चार फटक्यांना बाजू बदलते, नागमोडी जाते, आणि दोष पुढच्याला देते.

वाटेत काठावर टॉम थॉमसनचं स्मारक लागतं. हा चित्रकार इथे वाटाड्या म्हणूनही काम करायचा. जुलै 1917 मध्ये याच तळ्यावर कनूने निघाला आणि आठवड्याने त्याचा मृतदेह पाण्यात सापडला. अपघात की घातपात, यावर कॅनडात अजून वाद झडतात. दगडी स्मारक 1930 चं आहे. उतरून बघायला अर्धा तास लागतो. वारा चढत असेल तर परतीला बघा.

तळ्याच्या उत्तर टोकाला बंधारा आहे आणि त्याला वळसा घालणारं सुमारे तीनशे मीटरचं पोर्टेज. पिवळी पाटी, त्यावर अंतर मीटरमध्ये. वाट रुंद आणि सपाट, शिकायला याहून चांगली जागा नाही. कनू उचलायची पद्धत अशी: कनूच्या मध्यावर, बाजूला उभं राहायचं. जवळचा काठ धरून कनू मांड्यांवर घ्यायची, तिचा तळ आपल्या पोटाकडे. एका हाताने मधलं जोखड, म्हणजे खांद्यांवर टेकणारी आडवी दांडी, पकडायचं, दुसऱ्याने पलीकडचा काठ. मग गुडघ्याने हलका झोका देऊन, अंग वळवत ती डोक्यावरून घ्यायची, म्हणजे जोखड दोन्ही खांद्यांवर बसतं. जोर मांड्यांचा. कंबरेने उचलणाऱ्याची सहल तिथेच संपते. पुढचं टोक किंचित वर ठेवलं की वाट दिसते. नवख्याने एकट्याने उचलू नये. जोडीदाराने पुढचं टोक वर धरावं, आपण खालून शिरून जोखड खांद्यावर घ्यावं.

फेऱ्यांचं गणित घरीच करा. सगळं एका फेरीत नेलं तर तीनशे मीटरला तीनशेच मीटर. दोन फेऱ्या केल्या तर मधलं रिकाम्या हाताने परत येणं धरून नऊशे. याच भागात इंक लेकहून मॅकिन्टॉश लेकला जाणारं पोर्टेज 2320 मीटरचं आहे. दोन फेऱ्यांत ते जवळजवळ सात किलोमीटर होतं, म्हणजे ओझ्यासकट आणि डासांसकट अर्धा दिवस. दोघांच्या तीन रात्रींसाठी दोन मोठ्या पाठपिशव्या आणि खाण्याचं एक पिंप, यापेक्षा जास्त डाग नसावेत. पाण्याची बाटली, कॅमेरा, सुट्या चपला असं हातात लोंबकळणारं काहीही नको. सुटी वस्तू पोर्टेजवर हमखास विसरते. पाय कोरडे ठेवायचा हट्टही सोडा. उतरायच्या जागी गुडघाभर चिखल असू शकतो. बंद, पाणी निचरणारे बूट दिवसभर ओलेच घालायचे, कोरडे मोजे आणि दुसरे बूट फक्त मुक्कामासाठी.

पुढे जो लेक, टीपी लेक, मग लिटल ऑक्सटंग नदीचा वळणावळणांचा अरुंद पट्टा, फॉन लेक, लिटलडो आणि टॉम थॉमसन लेक. आता उतरायची गरज नाही, पण उन्हाळा सरताना पाणी आटलं की नदीत कनू घासते किंवा बीव्हरने बांधलेला बांध आडवा येतो. तिथे उतरून, दोन्ही टोकं धरून ती उचलून पलीकडे ठेवायची. या पट्ट्यात सकाळी-संध्याकाळी मूस हा हरणाच्या कुळातला थोराड प्राणी चरताना दिसतो. पिल्लू सोबत असेल तर लांबच थांबा. निवांत वल्हवत पूर्ण अंतराला चार-पाच तास.

मुक्कामाला पोचल्यावर तंबूआधी खाण्याच्या दोरीचं काम उजेडात उरकावं. इथे काळी अस्वलं आहेत. खाणं, टूथपेस्ट, साबण, कचरा, सगळं एका पिशवीत घालून जमिनीपासून किमान चार मीटर उंच आणि खोडापासून दोन मीटर लांब टांगायचं, तंबूपासून शंभरएक पावलांवर. वीस मीटर दोरी लागते. तिच्या टोकाला मोज्यात दगड घालून तो फांदीवरून फेकायचा. निळं प्लॅस्टिकचं पिंप वास कमी करतं, अस्वलाला अडवत नाही, तेही टांगा. खरा उपद्रव मात्र खारींचा आणि चिपमंक या छोट्या पट्टेरी खारींचा. खिशात विसरलेल्या चिक्कीसाठी ते नवीकोरी पिशवी कुरतडतात.

आपलं खाणं या प्रवासाला इतकं सोयीचं आहे की दुकानातली महागडी वाळवलेली पाकिटं घ्यायचं कारण नाही. माणशी दिवसाला साधारण 700 ग्रॅम कोरडा शिधा धरा. खिचडीला दोन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ, माणशी 120 ग्रॅम. फोडणी घरीच करून त्यात तांदूळ-डाळ परतून, गार करून पिशवीत भरायची. मुक्कामावर हिंग-मोहरीचा घमघमाट करणं म्हणजे अस्वलाला आवतण. शिजवण्याआधी अर्धा तास भिजवलं की गॅस वाचतो. टायटॅनियमच्या पातळ भांड्यात खिचडी खाली लागतेच, त्यापेक्षा ॲल्युमिनियमचं पातेलं बरं. पिठल्यासाठी बेसन भाजून त्यात तिखट-मीठ कालवून न्यावं. सकाळी उपमा किंवा दडपे पोहे, दुपारी चूल न पेटवता मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि घरून आणलेल्या दशम्या. 230 ग्रॅम गॅसचा एक डबा दोघांना तीन दिवस पुरतो, जर चहाची आवर्तनं आवरली तर.

पाणी काठापासून आत, खोल जागी भरावं आणि गाळावं, किंवा खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळावं. कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसलं तर घाबरू नका, तो झाडपाल्याचा रंग. पोटाला त्रास होतो तो जिआर्डिया या सूक्ष्म परजीवीमुळे, आणि तो स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही असतो. भांडी तळ्यात घासायची नाहीत. खरकटं पाणी काठापासून लांब जमिनीत मुरवायचं. संडास म्हणजे मागे झाडीत खड्ड्यावर ठेवलेली झाकणाची लाकडी पेटी, भिंत-छप्पर काही नाही. रात्री कनू पालथी घालून झाडाला बांधा. वारा हलकी कनू सहज पाण्यात ढकलतो.

ज्यांना पाणी नको, त्यांना याच हायवेवरून हायलँड ट्रेल आहे, 19 आणि 35 किलोमीटरचे दोन फेरे. वेस्टर्न अपलँड्सचा सर्वांत छोटा फेरा 32 किलोमीटरचा. उंची सह्याद्रीच्या मानाने किरकोळ, पण ओली मुळं आणि शेवाळलेले खडक वेग तासाला दोन-अडीच किलोमीटरवर आणतात. आपल्याकडे वाट चुकली तर खाली गाव लागतं. इथे गाव नाही आणि आत मोबाइलला रेंजही नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने मिळतं, ते घ्या, आणि परतीची तारीख कोणाला तरी लिहून द्या.

मेच्या मध्यापासून जून सरेपर्यंत काळ्या माश्या रक्त काढतात, त्यानंतर डास. माश्या गडद निळ्या-काळ्या कपड्यांवर जास्त येतात, म्हणून फिकट कपडे, पँट मोज्यात खोचलेली आणि डोक्यावर जाळी. अंधार पडला की त्या चावत नाहीत. सप्टेंबरात दोन्ही जवळपास संपतात आणि आरक्षणही सहज मिळतं. मात्र महिन्याच्या शेवटी रात्री पारा शून्याला टेकू शकतो, तेव्हा उणे पाच अंशांची झोपण्याची पिशवी आणि तिच्याखाली चांगली जाड चटई लागते.