युद्धकाळातल्या जन्मतारखा

ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य तपासणीची ऑनलाइन नोंदणी बाणेरमधली आमची टीम सांभाळते. एके दिवशी तक्रार आली की काही जणांची जन्मतारीख एक दिवस आधीची पडतेय, आधारशी जुळत नाही म्हणून अर्ज परत येतायत. सदाशिव पेठेतल्या एका आजोबांना मी फोन लावला. "ताई, दहा जून त्रेचाळीस. कितीदा भरली तरी तुमचं मशीन नऊ जूनच दाखवतं!"

तारीख मागे सरकली की आम्हा वेबवाल्यांचा पहिला संशय टाइमझोनवर. जावास्क्रिप्ट या वेब पानांच्या भाषेतला 'डेट' म्हणजे तारीख नसते, काळातला एक क्षण असतो. पुण्यात कॅलेंडरवर १५ ऑगस्ट १९६० निवडलं की ब्राउझर इथली मध्यरात्र धरतो आणि यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, पाठवतो: १४ ऑगस्ट, संध्याकाळचे साडेसहा. सर्व्हरवरच्या जुन्या कोडमध्ये त्यात सरसकट साडेपाच तास मिळवले जात. मग चुकतंय कुठे? टीममधल्या सगळ्यांच्या तारखा भरून पाहिल्या, सगळ्या बरोबर.

शेवटी चुकलेल्या नोंदी जन्मसालाप्रमाणे लावल्या आणि मी चमकले. सगळे युद्धकाळात जन्मलेले! दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं तासभर पुढे केली होती. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तर सलग. ब्राउझर ज्या टाइमझोन डेटाबेसवर चालतो, त्यातल्या भारताच्या 'एशिया/कोलकाता' या नोंदीत हा इतिहास आहे. म्हणून आजोबांची मध्यरात्र यूटीसीच्या साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढची ठरली: ९ जून, संध्याकाळचे साडेपाच. त्यात साडेपाच तास मिळवले की रात्रीचे अकरा, तारीख नऊच. ऐंशी वर्षांपूर्वीचा तो एक तास कोणीतरी इतक्या निगुतीने जपून ठेवलाय, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

दुरुस्ती सोपी होती. जन्मतारखेला टाइमझोन नसतोच. ती वर्ष-महिना-दिवस अशी साधी अक्षरं म्हणून पाठवायची आणि डेटाबेसात वेळेशिवायच्या तारखेच्या रकान्यात ठेवायची. तपासणीच्या अपॉइंटमेंटचं वेगळं. तो खरोखरच क्षण, तो यूटीसीतच बरा.

जुन्या नोंदींना मात्र सरसकट एक दिवस जोडता येईना, कारण काही केंद्रांवरच्या मुलींनी आधार बघून त्या आधीच हाताने सुधारल्या होत्या. तेव्हा त्या वर्षांतल्या प्रत्येकाला फोन करून तारीख विचारली. आजोबांचा अर्ज त्याच संध्याकाळी पुढे गेला.